परदेशातली वेटिंग लिस्ट, मराठवाड्यातलं ऑपरेशन : दिवस कसे मोजायचे, काय काय बघायचं

इंग्लंडमध्ये जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, गुडघ्यासाठी किंवा पित्ताशयासाठी पुढे पाठवलं की अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, निदान शंभरातल्या ९२ पेशंटचे तरी, असा तिथला नियम आहे. २०१६ पासून हे प्रमाण तिथे गाठलं गेलेलं नाही. कॅनडातही स्पेशालिस्टची पहिली भेट मिळेपर्यंतच महिने निघून जातात. म्हणून लातूर, नांदेड, परभणीहून तिकडे गेलेली मंडळी सुट्टी टाकून गावाकडे येतात आणि ऑपरेशन करून जातात. संभाजीनगर, नांदेड, लातूरला ही ऑपरेशनं रोजची आहेत, तारीखही लवकर मिळते. तरीही घोटाळे होतात, आणि बहुतेक वेळा ते ऑपरेशननंतरच्या दिवसांत होतात. परतीचं तिकीट आधी काढलेलं असतं आणि ऑपरेशन त्यात कसंबसं बसवलेलं असतं. म्हणून आधी ऑपरेशननंतर इथे किती दिवस राहावं लागेल ते विचारा, त्यात आठवडाभर जास्तीचा धरा, आणि मगच तिकीट काढा. बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

कशासाठी यावं

मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, मूतखडा, मूळव्याध, गुडघा किंवा खुबा बदलणं, दातांची मोठी कामं आणि एमआरआयसारख्या तपासण्या. यांचा शेवट ठरलेला असतो, पुढचा पाठपुरावा थोडा असतो, त्यामुळे त्यासाठी येणं शहाणपणाचं.

कॅन्सरचा संशय असेल तर तिकडची रांग सोडू नका. इंग्लंडमध्ये अशा तातडीच्या पेशंटसाठी रांग वेगळी असते : २८ दिवसांत निदान आणि ६२ दिवसांत पहिला उपचार हे तिथलं उद्दिष्ट आहे. विमानाचं तिकीट, इथल्या तपासण्या पुन्हा करणं, गाठीचा तुकडा पुन्हा काढणं यात तेवढे दिवस सहज जातात, आणि पुढची केमो-रेडिएशन निम्मी इथे निम्मी तिथे करता येत नाही. यायचंच असेल तर सहा-आठ महिने इथे राहायच्या तयारीने या.

दातांच्या इम्प्लांटचं गणित वेगळं आहे. स्क्रू हाडात पक्का बसायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिन्यांपर्यंत लागतात, मग वर दात बसवतात. म्हणजे दोन फेऱ्या. एका फेरीत सगळं करून देतो असं कोणी म्हणालं तर हाड पुरेसं आहे का, हे सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याच्या थ्रीडी एक्स-रेवर) दाखवायला सांगा.

भगंदरासाठी क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेल्या धाग्याचा आयुर्वेदिक उपचार, करून घ्यायचं मनात असेल तर दोन आठवड्यांची सुट्टी कामाची नाही. तो धागा दर आठवड्याला बदलावा लागतो आणि हे सहा-आठ आठवडे चालतं. धागा तसाच घेऊन परत गेलात तर तिकडे तो बदलून देणारं कोणी सापडत नाही.

दिवस किती धरायचे

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विमानप्रवासाचे नियम सांगतात की दुर्बिणीतून झालेल्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत आणि पोट उघडून केलेल्या साध्या ऑपरेशननंतर चार-पाच दिवसांत उडायला हरकत नाही. हा नियम पोटात राहिलेला वायू उंचावर फुगतो, एवढ्याच भीतीपुरता आहे. ऑपरेशनची गुंतागुंत बाहेर पडायला जे दिवस लागतात, त्यांचा हिशेब त्यात नाही.

पित्ताशयाचं घ्या. दुर्बिणीतून काढलेल्या पित्ताशयानंतर पेशंट दुसऱ्या दिवशी घरी येतो, वरण-भात खातो, फिरतो. पण पित्त गळत असेल तर ते पहिल्या आठवड्यात हळूहळू कळतं : पोट दुखतं, फुगतं, ताप येतो, डोळे पिवळे होतात. हे विमानात किंवा तिकडे पोचल्यावर इमर्जन्सीच्या रांगेत घडू नये म्हणून दोन आठवडे थांबा. मूळव्याधीतही तसंच. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास खपली सुटते आणि कधीकधी जोराचा रक्तस्राव होतो. इथेही दोन आठवडे.

हर्नियात दिवसांपेक्षा सामानाचा प्रश्न मोठा. २३ किलोच्या दोन बॅगा, त्यात तूप, येसर, शेंगांची चटणी, पापड. पट्ट्यावरून त्या एकट्याने उचलल्या की आत बसवलेल्या जाळीवर आणि टाक्यांवर ताण येतो. सहा आठवडे जड उचलायचं नाही, हे डॉक्टर सांगतात तेव्हा बॅगा त्यातच आल्या. परत जाताना सोबत कोणी असावं, नाहीतर बॅग दहा किलोचीच भरावी.

मोतीबिंदूला दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तपासणी असते. थेंब साधारण चार आठवडे चालतात, चष्म्याचा नंबर त्यानंतर स्थिरावतो. दोन्ही डोळे करायचे असतील तर मधलं अंतर धरून दोन महिने हाताशी ठेवा. आणि पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस सोडला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात पाऊलही ठेवायचं नाही. उंचावर तो गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. गॅस कोणता, किती आठवडे राहील, हे लेखी घ्या.

गुडघा-खुब्याला सर्वांत जास्त वेळ द्या. टाके किंवा पिना १२ ते १४ दिवसांनी निघतात. पण खरी भीती पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची, आणि ती सुटून फुप्फुसात जाण्याची. म्हणूनच रक्त पातळ ठेवणारं औषध, उदाहरणार्थ रिव्हारोक्साबॅन, गुडघ्यानंतर साधारण दोन आठवडे आणि खुब्यानंतर पाच आठवडे देतात. लांबचा विमानप्रवास किमान सहा आठवडे टाळा, जमलं तर तीन महिने. नांदेड किंवा लातूरहून निघालात तर हैदराबाद विमानतळापर्यंतच पाच-सहा तास गाडीत जातात, पुढे लंडनपर्यंत दहा तास विमान. घरापासून घरापर्यंत वीस-बावीस तास पाय खाली सोडून बसणं होतं. ज्याला महिन्याचीच रजा मिळते त्याने गुडघ्यासाठी येऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

मूतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रनळीत बहुतेक वेळा डीजे स्टेंट ठेवतात. पेनाच्या रिफिलसारखी मऊ नळी, दोन्ही टोकं वळलेली. ती साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढावी लागते. पेशंटला बरं वाटत असतं, तो नळी घेऊनच विमानात बसतो. तिकडे जीपी पुढे पाठवतो आणि पुन्हा तीच रांग. तीन महिन्यांच्या पुढे गेली की नळीवरच खडे जमतात, ती अडकते, आणि काढायला नवं ऑपरेशन लागतं. नळी काढल्याशिवाय परतायचं नाही.

महिना निवडताना एप्रिल-मे टाळा. ४२-४३ अंशांच्या उन्हात घामाने पट्टी ओली राहते, धूळ असते आणि अनेक गावांत पाणी टँकरचं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त दिवाळीचा आठवडा सोडून, कारण तेव्हा डॉक्टर आणि स्टाफ रजेवर असतात. पितृपक्षात बरेच लोक ऑपरेशन पुढे ढकलतात. तुम्हाला चालत असेल तर त्या पंधरवड्यात तारीख पटकन मिळते. घरातलं लग्न आणि ऑपरेशन एकाच फेरीत जोडायचं असेल तर लग्न आधी.

तिकडून निघण्याआधी

तिकडच्या जीपीकडून रेफरलचं पत्र, रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि ॲलर्जीची नोंद घ्या. एक्स-रे, एमआरआयच्या मूळ डायकॉम फाइल्स (मशीनमधून निघणाऱ्या मूळ डिजिटल प्रतिमा) मागून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून सर्जन फार तर अंदाज बांधतो, माप काढू शकत नाही. हे सगळं इथल्या डॉक्टरांना पाठवून व्हिडिओवर एकदा बोलून घ्या. तिकडची वेटिंग लिस्ट मात्र ऑपरेशन होईपर्यंत सोडू नका; झाल्यावर कळवा, म्हणजे ती जागा दुसऱ्याला मिळेल.

गोळ्यांचं आधीच बोलून ठेवा. डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. ओझेम्पिक, वेगोव्ही, मॉनजारोची आठवड्याची इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. त्या इंजेक्शनांमुळे जेवण पोटात जास्त वेळ राहतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. वजनासाठीचं इंजेक्शन आहे म्हणून बरेच जण ते लपवतात. लपवू नका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर.

सांधा बदलायचा असेल तर किडलेला दात, लघवीतलं इन्फेक्शन, टाचांच्या भेगा आणि बोटांच्या बेचक्यातला चिखल्या आधी बरे करून घ्या. जंतू तिथून नव्या सांध्यात जातात आणि एकदा गेले की सांधाच काढायची वेळ येते. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) आठच्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतील, आणि ते बरोबर आहे.

व्हिसा : भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तर काही लागत नाही. ओसीआय नसलेल्या परदेशी नागरिकाने ई-मेडिकल व्हिसा काढावा. तो ६० दिवसांचा असतो, तीनदा प्रवेश मिळतो, आणि सोबतच्या दोघांना वेगळा अटेंडंट व्हिसा मिळतो. दवाखान्याच्या लेटरहेडवरचं पत्र त्यासाठी लागतं. ऑफिसला खरं सांगून रजा घ्या. इंग्लंडमध्ये सात दिवसांपुढच्या आजारपणाला डॉक्टरचा कागद मागतात, आणि इथलं सर्टिफिकेट चालेल का, हे आधीच एचआरला विचारलेलं बरं.

विम्याची आशा ठेवू नका. तिकडचा ट्रॅव्हल इन्शुरन्स ठरवून केलेल्या ऑपरेशनला पैसे देत नाही. इथे आता पॉलिसी काढली तरी हर्निया, मोतीबिंदू, सांधे अशा ठरावीक आजारांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं.

दवाखाना आणि सर्जन

घरात पहिलं नाव येतं ते मामाच्या किंवा साडूच्या ओळखीच्या डॉक्टरचं. ओळख उपयोगी आहेच, पण तीन प्रश्न तरीही विचारा. हे ऑपरेशन तुम्ही महिन्याला किती करता? आयसीयू आणि रक्तपेढी याच इमारतीत आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचा : सर्जन याच गावात राहतात का?

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी काही दवाखान्यांत पुण्या-मुंबईचे किंवा हैदराबादचे सर्जन ठरावीक दिवशी येतात, चार-पाच ऑपरेशनं करतात आणि रात्री परततात. हात चांगला असतो, पण तिसऱ्या दिवशी रात्री ताप चढला, पाय सुजला तर बघायला कोण येणार? त्या माणसाचं नाव, डिग्री आणि मोबाइल नंबर ऑपरेशनआधी हातात हवा. नाव मिळत नसेल तर दुसरीकडे जा. गुडघ्यासारख्या ऑपरेशनसाठी बीड, हिंगोली, धाराशिवच्या लोकांनी संभाजीनगर, लातूर, नांदेड गाठावं, तिथेही जमत नसेल तर पुणे-हैदराबाद.

डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. दवाखान्याला एनएबीएचचं, म्हणजे दवाखान्यांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, मानांकन असेल तर चांगलं. दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणं राज्यात २०२१ पासून बंधनकारक आहे; भिंतीवर दिसली नाही तर मागा.

एस्टिमेट आणि पैसे

पॅकेज म्हणजे काय, हे लेखी घ्या : किती दिवसांचं, कोणत्या रूमचं, इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, भूल, औषधं, फिजिओथेरपी धरून की सोडून, आणि एक दिवस आयसीयूत जास्त लागला तर किती. रूमची निवड जपून करा. बऱ्याच ठिकाणी जनरल, सेमी आणि स्पेशल रूमप्रमाणे नुसतं भाडंच नाही, तर सर्जनची फी आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जही बदलतात. ऑपरेशन तेच, टेबल तेच, बिल मात्र वेगळं.

गुडघ्याच्या इम्प्लांटवर सरकारने २०१७ मध्ये कमाल किंमत ठरवली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये, वर जीएसटी. आजचा दर राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाच्या यादीत बघून घ्या आणि बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी लावायला सांगा.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका उपचारासाठी दवाखान्याला आयकर कायद्याने घेता येत नाही, तुकडे करून दिली तरीही. एनआरई किंवा एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यातून) ट्रान्सफर करा. दवाखान्यांसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाखांपर्यंत आहे, पण तुमच्या बँकेची स्वतःची मर्यादा कमी असू शकते. परदेशी कार्डावर पूर्ण भिस्त ठेवू नका. डिपॉझिट भरताना काउंटरवर कार्ड नाकारलं गेलं की धावपळ होते. पॅन कार्ड जवळ ठेवा.

आल्यावर आणि ऑपरेशनच्या आसपास

विमानातून उतरल्याबरोबर ऍडमिट होऊ नका. तीन-चार दिवस झोप, पाणी, पोट जागेवर येऊ द्या. शुगर असणाऱ्यांनी पाहुणचार ऑपरेशननंतर घ्यावा. पहिल्याच आठवड्यात रोज पुरणपोळी झाली तर सकाळची शुगर २५०च्या वर जाते आणि भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतो.

दवाखान्यात एक धडधाकट नातेवाईक चोवीस तास हवा. मेडिकलमधून औषध आणणं, सँपल पोचवणं, सही करणं, सगळं त्याच्यावर असतं. रक्त लागणार असेल तर बदली रक्तदाता मागतात, त्यासाठी दोन जणांना आधीच सांगून ठेवा. पेशंटला बघायला येणाऱ्यांना पहिले पाच दिवस प्रेमाने फोनवरच थांबवा. वाईट वाटलं तरी चालेल.

गुडघ्याच्या पेशंटसाठी घर आधी तयार करा. खाली बसून जेवण, खाली बसायचा संडास आता बंद. कमोड खुर्ची, वॉकर, उंच खुर्ची, हाताला धरायला बाथरूममध्ये दांडा, आणि झोपायची जागा तळमजल्यावर. गावात फिजिओथेरपिस्ट घरी येत नाही, म्हणून पहिले तीन आठवडे शहरातच, दवाखान्याजवळ खोली घेऊन राहणं परवडतं. दोन आठवड्यांत गुडघा ९० अंशांपर्यंत वाकायला हवा. मागे पडलात तर नंतर भरून काढताना फार दुखतं.

फाइल

परतल्यावर तुमच्या बाजूने बोलणार आहे ती ही फाइल. केसपेपर कोणी काढला ते बघा. काका गडबडीत घरचं नाव ‘बाळू’ आणि वय अंदाजे सांगतात, आणि मग सगळे रिपोर्ट त्याच नावाने निघतात. पासपोर्टवर आहे तेच नाव, तीच जन्मतारीख पहिल्या कागदापासून हवी.

डिस्चार्ज समरी इंग्रजीत, टाइप केलेली घ्या. त्यात निदान, ऑपरेशनची तारीख, आत काय आढळलं, कोणती भूल दिली, कोणती अँटिबायोटिक्स किती दिवस दिली, आणि औषधांची ब्रँडऐवजी मूळ नावं हवीत. इथल्या एका गोळीत दोन-तीन औषधं असतात, तिकडच्या फार्मासिस्टला त्या ब्रँडवरून काहीच बोध होत नाही. नायमेसुलाइड तर ब्रिटन-कॅनडात मिळतच नाही. ट्रॅमाडॉल दिलं असेल तर ते नियंत्रित औषध आहे. प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरचं पत्र सोबत ठेवा आणि गरजेपुरतंच न्या.

इम्प्लांट, जाळी, डोळ्यातली लेन्स यांच्या पाकिटावर चिकटवायचे स्टिकर येतात. बोटभर लांबीचे, त्यावर कंपनी, आरईएफ (कॅटलॉग) नंबर, लॉट नंबर, साइज आणि बारकोड. एक स्टिकर दवाखान्याच्या रेकॉर्डला लागतो, दुसरा तुमच्या समरीवर चिकटवून घ्या. दहा वर्षांनी गुडघ्याचा एक भाग बदलायचा झाला तर त्या स्टिकरवरूनच जुळणारा भाग शोधता येतो. नसेल तर सगळाच सांधा काढावा लागू शकतो.

सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम फाइल्स घ्या. काही राहिलं तर लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

परतीचा प्रवास आणि पुढे

‘फिट टू फ्लाय’ पत्र घ्या, व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगा, सीट मधल्या वाटेच्या कडेची घ्या. दर तासाला उठा, पाणी पीत राहा. गुठळी टाळायला घालायचे पायमोजे कोणत्या दाबाचे, हे डॉक्टरांना विचारा. औषधं हातातल्या बॅगेत.

पोचल्यावर आठवड्याच्या आत जीपीला समरी द्या. बाहेर ऑपरेशन केलंय हे लपवू नका. तातडीची गुंतागुंत झाली तर तिकडचे डॉक्टर उपचार करतातच; फिजिओथेरपी किंवा दिसण्यासाठीची दुरुस्ती मात्र मिळेलच असं नाही. पुढच्या वर्षभरात तिकडे ऍडमिट व्हायची वेळ आली तर भारतात दवाखान्यात राहिलो होतो, हे सांगा. औषधांना न जुमानणारे जंतू आतड्यात आहेत का, हे बघायला ते गुदद्वारातून स्वॅब घेतात आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. परदेशात दवाखान्यात राहून आलेल्या सगळ्यांनाच तसं करतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका.

आणि काढलेलं पित्ताशय, गाठ, गर्भाशय, जे काही असेल ते तपासायला पाठवलंच पाहिजे. त्याचा रिपोर्ट यायला आठवडा ते दहा दिवस लागतात, कधी तुम्ही निघून गेल्यावर येतो. लॅबची पावती भावाकडे किंवा बहिणीकडे देऊन ठेवा, तारीख लिहून द्या, आणि रिपोर्टचा फोटो येऊन तो सर्जननी वाचेपर्यंत रोज विचारत राहा.